शुक्रवारची खादी: तहसील कार्यालयात वापरून पाहिलेला कुर्ता

आधी निकाल सांगते. खादीचा कुर्ता ऑफिसला घालायला उत्तम आहे, पण दुकानात टांगलेला तयार नव्हे. कापड घ्यायचं, भिजवायचं आणि शिवून घ्यायचा. खिसा हवाच, बाही पाऊण, आणि खळ अजिबात नको. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. ज्यांचं ऑफिस आमच्यासारखं आहे, म्हणजे कूलर, धूळ, शिक्के आणि खिडकीपलीकडे रांग, त्यांनी वाचावं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. टेबल संजय गांधी निराधार योजनेचं. दिवसभर म्हातारी माणसं, त्यांच्या पिशवीतले कागद, आणि त्या कागदांवर मारायचे शिक्के. ऑफिसला काय घालायचं हा प्रश्न आमच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांच्या घरी आईने नाहीतर सासूने परस्पर सोडवलेला असायचा. मग सरकारने सोडवायला घेतला.

८ डिसेंबर २०२० चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय आठवत असेल. बायकांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट, आणि गरज असेल तर दुपट्टा. ही गरज कोणी ठरवायची ते लिहिलेलं नाही. पुरुषांनी शर्ट-पँट. जीन्स नको, टी-शर्ट नको, स्लीपर नको, गडद रंगांचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. कंत्राटी मंडळींनाही हेच लागू. आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी मागे घेतली गेली. टी-शर्ट मात्र बाहेरच राहिला. गडद रंग नुसता असला तरी वाईट की त्यावर चित्रं असली तरच वाईट, यावर आमच्याकडे दुपारच्या डब्याला चांगला वाद रंगला. नायब तहसीलदार मॅडम त्या दिवशी काळपट जांभळ्या साडीत आल्या होत्या, म्हणून तो अर्धवट सोडावा लागला.

आमचे शिपाईभाऊ तेवढे शांत होते. त्यांना गणवेश वर्षानुवर्षं आहे. ते म्हणाले, "आमाले तं पहिलेपासूनच हाय जी कोड. तुमाले आता समजन." त्यावर कोणी काही बोललं नाही.

पहिले काही शुक्रवार सगळं ऑफिस खादीत होतं. मग निम्मं. मग ज्यांच्याकडे धुतलेली असेल ते. आता नेमाने घालणारे आम्ही मोजकेच उरलो, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर कारण शासन निर्णय नाही, मे महिना आहे. वर्ध्याचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी लाइट जाते, लाइट गेली की कूलर बंद, आणि कूलर बंद झाला की वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा पाच मिनिटांत कोंदट वाफ होते. त्या वाफेत पॉलिस्टरच्या कुर्तीत बसून हयातीचे दाखले तपासून बघा. पाठीला चिकटलेला कपडा सोडवायला दर वेळी खुर्चीतून उठावं लागतं, आणि रांगेला वाटतं मॅडम चहाला निघाल्या.

खादीचं तसं होत नाही. घाम येतोच, पण सूत हातचं असल्यामुळे पीळ कमी, त्यामुळे कपडा घाम ओढून घेतो आणि वाळतोही लवकर. पाठीला चिकटून राहत नाही. एवढा एकच गुण असता तरी मी ती घेतली असती.

आता खरेदीचं. वर्ध्यात राहून खादी कुठे घ्यायची हे विचारणं म्हणजे जरा गंमतच. इथे मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. तिथली मगन खादी मी घेतली आहे आणि नैसर्गिक रंगांसाठी मला ती सगळ्यांत आवडते. डोळ्यांना न टोचणारे रंग, धुवून धुवून फिके झाले तरी कळाहीन न दिसणारे. ऑफिसला गडद रंग नको आणि पांढरा परवडत नाही, अशा अडचणीत हे मधले रंग कामाला येतात. एक सावधगिरी: निळीत रंगवलेला कपडा कोणाचाही असो, पहिल्या काही धुण्यांत तो रंग सोडणारच. तो वेगळा धुवावा, आणि पहिल्या आठवड्यात त्यावर पांढरी सलवार घालू नये.

रोजच्या वापराचं साधं कापड मात्र मी एका दुसऱ्या भांडारातून घेते. त्याचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे तक्रारी येणार आहेत, आणि दुसरं म्हणजे १९७९ चे वर्तणूक नियम आम्हाला लागू असल्यामुळे जाहिरात केल्याचा आळ नको. कापडाला पाचपैकी साडेचार, दुकानाला अडीच. अडीचातला एक गुण तिथल्या जुन्या काकांचा, जे मागितल्यावर सगळ्यात आतल्या फळीवरचा तागा काढून देतात.

दुकान सकाळी साडेदहाला उघडतं, दुपारी जेवायला बंद होतं, संध्याकाळी सातला शटर खाली. रविवारी सुट्टी. आमचं ऑफिस सव्वासहापर्यंत. म्हणजे ज्या नोकरदारांना सरकारने खादी घालायला सांगितली, त्यांच्यासाठी खादीचं दुकान फक्त शनिवारी. बरं, तिथे कपडा घालून बघायला आडोसा नाही. आरसा आहे, पण तो गल्ल्यामागे आहे आणि त्यात अर्ध्या भागात गांधीजींची तसबीर दिसते.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तयार कुर्त्यांच्या घोडीवर पुरुषांच्या कुर्त्याला दोन्ही बाजूंना खोल खिसे. बाईच्या कुर्त्याला एकही नाही. दुकान तेच, तागा तोच, बहुधा शिवणारा हातही तोच. मी काकांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "लेडीजजवळ पर्स असते ना जी." असते. पर्स टेबलाच्या खालच्या खणात असते, खणाला कुलूप असतं आणि कुलपाची किल्ली ठेवायला खिसा लागतो. कपाटाच्या किल्ल्या, डिजिटल सहीचा डोंगल, मोबाइल, घाम टिपायचा रुमाल. डोंगल टेबलावर ठेवून उठायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे, कारण त्यावर साहेबांची सही असते. ड्रेस कोड लिहिणाऱ्यांनी दुपट्ट्याचा विचार केला, खिशाचा नाही. माझ्या मते ऑफिसच्या कपड्याची पहिली अट खिसा असायला हवी, पुरुष असो की बाई.

म्हणून कापड घेऊन शिवणं. ३६ इंची पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर कुर्त्याला तीन मीटर लागतं, ४५ इंची मिळाला तर अडीचमध्ये होतं. दर विचारण्याआधी पन्हा विचारा. बायका दर ऐकून कापड कापून घेतात आणि टेलरकडे गेल्यावर बाही निघत नाही. मी गेल्या वेळी ३८० रुपये मीटरचं अडीच मीटर घेतलं, शिलाई ३५०. म्हणजे तेराशेत कुर्ता. तेवढ्यात ऑनलाइन दोन कुर्त्या येतात हे मला माहीत आहे. त्या दोन्ही मी शेजारच्या टेबलावर बघते, दर दिवाळीला नव्या.

त्या ऑनलाइन कुर्त्यांवरून एक गोष्ट. "खादी कॉटन" म्हणून जे स्वस्तात विकलं जातं ते बहुतेक गिरणीचंच कापड असतं, मुद्दाम जाडंभरडं विणलेलं. खरी खादी हाताने कातलेली आणि हातमागावर विणलेली हवी, आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे खादी म्हणून विकायच्या कपड्यावर 'खादी मार्क' लागतो. पट्टी बघून घ्या. पट्टी नसेल तर आमच्या शिपाईभाऊंची पद्धत आहे. शिवणीच्या आतून एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटाने चोळलं की राख भुरभुरीत होते. पॉलिस्टर असेल तर धागा जळण्याऐवजी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा, टणक मणी उरतो. आमच्या एका सहकारी मुलीने हौसेने आणलेल्या 'शुद्ध खादी' कुर्त्याचा असा मणी तिच्याच टेबलावर तयार झाला. ती बिचारी दिवसभर त्या मण्याकडे बघत होती. ही परीक्षा अर्थात धागा सुताचा की पॉलिस्टरचा एवढंच सांगते. हातचा की गिरणीचा हे जाळून कळत नाही.

ते कळतं बोटांना, पण बोटं तशी लागतात. हयातीच्या दाखल्यांच्या दिवसांत सेवाग्रामच्या बाजूच्या खेड्यातल्या एक आजी खिडकीशी आल्या. कागद देता देता त्यांनी माझी बाही दोन बोटांत धरली, अंगठा फिरवला, कापड उजेडाकडे केलं. "हातचं हाय का बाई?" मी हो म्हटलं. "सूत बरं हाय. वीण ढिली हाय. पाण्यातून काढलं होतं का शिवाच्या आंधी?" काढलं होतं, असं सांगितल्यावर मान हलवली. लहानपणी घरी चरखा होता, रोजची सुताची गुंडी मोजून द्यायची असायची, वगैरे सांगत होत्या. मागची रांग चुळबुळायला लागली. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "ते जाऊ दे, माह्या पैशाचं सांग." त्यांचं आधार बँकेशी जोडलेलं नव्हतं. ते पुढे बरंच लांबलं.

आजी बरोबर होत्या. वीण ढिली असेल तर खादी पहिल्या पाण्यात आकसते, आणि कमी नाही आकसत. कापड आणलं की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, न पिळता दोरीवर टाकायचं, वाळल्यावर इस्त्री मारून मगच टेलरकडे न्यायचं. रंगीत असेल तर पाण्यात मूठभर मीठ. भांडारातले काका हे आपणहून सांगत नाहीत. अडीचातला अर्धा गुण त्यात गेला.

आता ऑफिसात कसा टिकला ते.

सगळ्यात कठीण परीक्षा रेकॉर्ड रूमची. आमच्याकडे जुनं दप्तर अजून लाल कापडाच्या रुमालांत बांधलेलं असतं. जुना फेरफार शोधायचा म्हणजे फळीवरून रुमाल उतरवायचा, छातीशी धरून टेबलापर्यंत आणायचा, गाठ सोडायची. एका रुमालातून जी धूळ निघते ती कुर्त्याच्या पुढच्या भागावर नीट चौकोनी उमटते. पॉलिस्टरवर ती झटकली की उडते, हे कबूल. खादीवर धाग्यांत बसते. ब्रश मारावा लागतो. पावसाळ्यात तर रुमालाचा लाल रंगही ओला होऊन लागतो, आणि तो फिक्या कुर्त्यावर गेला की गेला. म्हणून रेकॉर्ड रूमचं काम निघणार असेल त्या दिवशी विटकरी किंवा मातकट रंग. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी कायम साडीत असतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्या ऑफिसात सगळ्यात नीटनेटक्या त्याच दिसतात. त्या रेकॉर्ड रूममध्ये जाताना पदर कमरेला खोचून वर जुना टॉवेल पुढे बांधतात. साडी वाचते. पण त्याच साडीचा पदर चाकांच्या खुर्चीखाली येऊन त्यांना दोनदा हिसका बसलेला मी पाहिला आहे, त्यामुळे साडीला माझे गुण कापलेले आहेत. ती खुर्ची बनवणाऱ्याने साडी पाहिलेली नसावी.

शिक्क्याच्या शाईचं काय? बाही मनगटापर्यंत असेल तर तिची कड दिवसातून दहा वेळा स्टॅम्प पॅडवर टेकते. जांभळट निळा पट्टा. साबणाने जात नाही, पसरतो. सॅनिटायझर कापसावर घेऊन आतल्या बाजूने टिपलं तर बराच फिका होतो, पूर्ण जात नाही, आणि रंगीत कपड्यावर आधी कोपऱ्यात करून बघावं लागतं. सोपा उपाय म्हणजे बाही कोपराच्या खाली चार बोटं, तिथेच थांबवायची. पाऊण बाहीला आमच्या साहेबांपासून आजींपर्यंत कोणी कधी आक्षेप घेतला नाही.

दुपट्टा मी सोडला. शासन निर्णयाने गरज असेल तर असं म्हटलं आहे आणि माझी गरज मी ठरवली. कूलरसमोर बसणाऱ्या बाईचा दुपट्टा हा स्वतंत्र प्राणी असतो. तो उडून अर्जदाराच्या तोंडावर जातो, खणात अडकतो, गमाच्या बाटलीत बुडतो. स्कूटरवर तर धोक्याचाच. त्याऐवजी कापड जरा जाड घ्यायचं, गळा बंद, छोटी उभी कॉलर, आणि पुढच्या बाजूला आडवा जोड. झाकायचं ते झाकलं जातं आणि ओळखपत्र टांगायला कॉलर उपयोगी पडते. काही बायकांना दुपट्ट्याशिवाय अवघड वाटतं, त्यांनी घ्यावा. पण मग दोन्ही खांद्यांवर पिन लावून.

खळीबद्दल मी जरा आग्रही आहे. आमच्या शाखेतले एक भाऊ शुक्रवारी पांढराशुभ्र खादी शर्ट घालतात, कडक खळ, कडक इस्त्री, बाहीची घडी कागद कापेल अशी. दिसतात छान. पण ते बाहेर व्हरांड्यात उभे राहिले की लोक त्यांना नमस्कार करतात आणि आपली तक्रार सांगायला लागतात, साहेबांना सांगा म्हणून. एकदा एक कास्तकार त्यांना पंचायत समितीचे सभापती समजून पाच मिनिटं बोलत होता. खादीची ही अडचण आपल्या राज्यात आहेच. कडक पांढरी खादी म्हणजे पुढारी. खिडकीच्या आतल्या माणसाने पुढाऱ्यासारखं दिसू नये असं मला वाटतं. पलीकडचा माणूस आधीच दबलेला असतो. म्हणून बिनखळीची, धुवून मऊ पडलेली, थोडी चुरगळलेली खादी. पहिल्या वर्षी ती जरा टोचते, नंतर मऊ होत जाते. खळीने हा गुण मरतो. शिवाय खळीच्या कपड्याला आमच्याकडच्या पावसाळ्यात कुबट वास येतो, तो वेगळाच.

रंगाचा खरा पेच पडला २६ एप्रिल २०२४ ला. वर्ध्यात लोकसभेचं मतदान, आणि वार नेमका शुक्रवार. म्हणजे खादीचा दिवस. निवडणुकीच्या कामावर काय घालू नये याची यादी मनात करायला घेतली तर भगवा नको, हिरवा नको, निळा नको, आणि पांढरी खादी तर मुळीच नको. कपाट उघडून उभी राहिले तर राखाडी आणि तपकिरी सोडून रंगच उरेना. राखाडी घातला. खिशात किल्ल्या, पेन, ओआरएसची पुडी. आदल्या दिवशी साहित्य वाटप, त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत यंत्रं परत येत होती, घामाने पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. पण कुठे घासलं नाही, कुठे चिकटलं नाही. निवडणुकीच्या कामाला सिंथेटिक घालून आलेल्या दोघींच्या काखेत घामोळं उठलेलं मी पाहिलं. तेव्हापासून राखाडीचा अजून एक तागा नजरेत ठेवला आहे.

इस्त्री हा खादीचा मोठा दोष आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सकाळी पावणेदहाला टेबलावर हजर व्हायचं, त्याआधी स्वयंपाक, डबे, मुलांची शाळा, आणि त्यात ओलसर असतानाच करावी लागणारी इस्त्री. वाळलेली खादी इस्त्रीला दाद देत नाही, पाणी शिंपडून गुंडाळून ठेवावी लागते. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे माझ्यापुरता तोडगा असा: शुक्रवारचा कुर्ता शनिवारी धुवायचा, संध्याकाळी अर्धवट वाळला की इस्त्री, हँगरवर. घडी घालायची नाही. पण खादी रोज घालायची म्हटलं तर हे गणित बसत नाही, आणि ज्या घरात इस्त्री बाईच करते तिथे खादीचा ड्रेस कोड म्हणजे बाईला दुप्पट काम. नवऱ्याचा शर्टही तिच्याच डोक्यावर येतो. आमच्याकडे नवरा स्वतःचा शर्ट स्वतः करतो; माझा करून देईल इतकी प्रगती अजून नाही.

इस्त्री नको असेल तर पॉलिवस्त्र बघा. पॉलिस्टर मिसळलेली खादीच ती, खादी भांडारातच मिळते, शुक्रवारही साजरा होतो. पुरुषांच्या पँटला चांगली, कारण बसून बसून गुडघ्याला पोट सुटत नाही. हिवाळ्यात मी पण वापरते. उन्हाळ्यात नाही. लिनन घेऊन पाहिलं. दिसायला खानदानी, पण दुपारी बारापर्यंत असं चुरगळतं की रात्रभर त्यातच झोपल्यासारखं दिसतं, आणि किमतीत दोन खाद्या येतात. लायक्रावाल्या लेगिंग्ज आरामदायक आहेत, घालणाऱ्यांनी घालाव्यात, मी सुती सलवारच घालते कारण पंचनाम्याला शेतात जायचं असलं तर कुसळं लेगिंग्जच्या आरपार जातात. पायात चामडी सँडल, मागे पट्टा असलेला. स्लीपर नको हा नियम मात्र पटला. फरशी पुसलेली असताना जिन्यावरून रुमाल घेऊन उतरून बघा, लगेच पटेल.

टेलरताईबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत, कारण हा कुर्ता निम्मा तिचा आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची मशीन आहे. मी पहिल्यांदा कापड घेऊन गेले तर तिने माप घ्यायच्या आधी विचारलं, "काम काय असते जी तुमचं? बसून की फिरून?" बसून आणि फिरून दोन्ही, असं म्हटल्यावर तिने मला तिच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि बसलेल्या स्थितीत घेर मोजला. उभ्याचं माप आणि बसल्याचं माप यांत तीन बोटांचा फरक निघाला. मग हात वर करून घेतले, जणू फळीवरून काही काढते आहे असे, आणि काखेत पाचर घालायची ठरवली. ही पाचर, म्हणजे काखेत जोडलेला छोटा चौकोनी तुकडा, आजकाल कोणी घालत नाही. वेळ जातो आणि बाहेरून दिसत नाही. पण रुमाल उतरवताना कुर्ता वर ओढला जात नाही तो त्यामुळेच. खिसा तिने उजव्या बाजूच्या शिवणीत घातला, तोंड तिरकं, तळ दुहेरी, कारण किल्ल्यांनी खादी झिजते. मोबाइल ठेवून चाललं तर मांडीवर आपटणार नाही इतक्या उंचीवर. एवढा विचार मी कुठल्याही शोरूमच्या कुर्त्यात पाहिला नाही. कोणत्याही ऑफिसला ड्रेस कोड ठरवायचा असेल तर समिती नेमण्याआधी अशा एका टेलरला दिवसभर टेबलाशेजारी बसवावं.

तिचा दोष एकच: तारीख पाळत नाही. मंगळवार म्हणजे पुढचा शनिवार. लग्नसराईत तर तोही नाही. तिचं नाव इथे देणार होते, पण तिनेच नको म्हटलं, दिवाळीपर्यंतचं काम अंगावर आहे.

भांडारात जायचं असेल तर २ ऑक्टोबरनंतर जा, सूट सुरू होते. पण पहिल्याच शनिवारी जा, कारण मधले रंग आधी संपतात आणि मग पांढरा आणि भडक केशरी तेवढा उरतो. काकांना पन्हा विचारा, आतल्या फळीवरचं दाखवायला सांगा, पट्टी बघा. आणि टेलर कोणीही असो, कापड भिजवून, वाळवून न्या. आमची ताई कोरं कापड हातात घेत नाही, दारातूनच परत पाठवते.